गव्हाच्या दळणातले सोयाबीन आणि थायरॉईड : नेमका धोका कोणाला आणि कशाचा?

रानजाई :
नमस्कार मंडळी. आमच्या घरी गव्हाच्या दळणात सोयाबीन घालण्याची पद्धत बऱ्याच वर्षांपासून आहे. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन, हे प्रमाण सासूबाईंनी ठरवून दिले आहे, कारण घरात कोणीही मांसाहार करत नाही आणि मुलांच्या पोटात पुरेशी प्रथिने जावीत अशी त्यांची तळमळ असते. याशिवाय आठवड्यातून एखाद्या वेळी सोयावड्यांची भाजी होते आणि फोडणीला तेलही सोयाबीनचेच असते.

मध्यंतरी मला थायरॉईडची कमतरता असल्याचे निदान झाले. गोळी सुरू आहे, परंतु डोस वाढवूनही टीएसएच (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) अपेक्षेप्रमाणे खाली येत नाही. त्यातच नातेवाइकांच्या गटावर एक लांबलचक संदेश फिरला. सोयाबीनमुळे थायरॉईड बंद पडते, पुरुषांची संप्रेरके बिघडतात आणि स्त्रियांना स्तनांचा कर्करोग होतो, असे त्यात ठासून लिहिले होते. सासूबाईंनी घाबरून डब्यातले सगळे पीठ टाकून द्यायला काढले आहे. माझा प्रश्न असा आहे की, यात खरे किती आणि ऐकीव किती? शिवाय तेल, वड्या, पीठ आणि दूध या सगळ्यांना एकच नियम लागू होतो का? ज्यांना अनुभव आहे किंवा या विषयाचे ज्ञान आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निशिगंध :
माझ्या मावशीला डॉक्टरांनी सोयाबीन पूर्ण बंद करायला सांगितले होते. विषाची परीक्षा घ्यावीच कशाला? पीठ गाईला घाला आणि मोकळ्या व्हा.

शुश्रूषा :
रानजाई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि थायरॉईडच्या रुग्णांकडून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, म्हणून त्या आधी सुट्या करू.

पहिली गोष्ट थायरॉईड ग्रंथीवरील थेट परिणामाची. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन गटातील द्रव्ये असतात. थायरॉईडचे संप्रेरक तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ती अडथळा आणतात, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत केवळ सोयाबीनच्या दुधावर वाढवलेल्या काही तान्ह्या बाळांना गलगंड झाल्याच्या नोंदीही आहेत. मात्र त्या दुधात आयोडीन पुरेसे नव्हते, आणि ते मिसळायला सुरुवात झाल्यानंतर असा गलगंड दिसेनासा झाला. म्हणजे ज्याच्या आहारात आयोडीन पुरेसे आहे आणि ज्याची ग्रंथी निरोगी आहे, अशा माणसाला सोयाबीनमुळे थायरॉईडचा विकार होतो असे आजवरच्या चाचण्यांतून दिसत नाही. आपण आयोडीनयुक्त मीठ खातो, ही बाब इथे फार मोलाची आहे.

परंतु ज्यांची ग्रंथी आधीच काठावर आहे, त्यांच्याबाबत मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य कमतरता असलेले ६० रुग्ण होते. त्यांना रोज १६ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असलेले सोयाप्रथिन आठ आठवडे दिले गेले, आणि त्या काळात त्यांपैकी सहा जणांची कमतरता पूर्ण स्वरूपाची झाली. त्याच चाचणीत रक्तदाब आणि इन्शुलिनचा प्रतिरोध मात्र सुधारलेला दिसला. चाचणी लहान आहे, तरीही मी तिच्याकडे दुर्लक्ष करत नाही.

दुसरी गोष्ट गोळीची, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच आहे. लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या कमतरतेवरची, गोळी आतड्यातून नीट शोषली जाणे आवश्यक असते. सोयाबीन त्या शोषणात व्यत्यय आणते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही तेच करतात. ही गोळी सकाळी अनशापोटी केवळ पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही खाऊ नये. सोयाबीनचा पदार्थ त्याहून उशिरा खाल्लेला बरा, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. सोयाबीन खायचेच असेल तर रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे, म्हणजे डॉक्टरांना त्यानुसार डोस बसवता येतो. एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असे झाले की तपासणीचे आकडे वर-खाली होत राहतात.

निशिगंध, तुमच्या मावशींच्या प्रकृतीत काही वेगळे कारण असू शकेल. त्यांना दिलेला सल्ला सगळ्यांना लावू नये, एवढीच विनंती.

रानजाई :
मनापासून आभार, शुश्रूषाताई. मला लोहाची गोळीही चालू आहे आणि ती न्याहारीनंतर लगेच घ्यायला सांगितली आहे. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना आवर्जून विचारते.

सातबारा :
मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी आहे. आमच्या शिवारात खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन असते. माझ्या आजोबांच्या काळी इथे ज्वारी, मूग, उडीद आणि तूर पिकत असे. सोयाबीनने ती जागा माझ्या डोळ्यांदेखत घेतली. १९९४ साली प्रसारित झालेल्या जेएस ३३५ या वाणाने तर आमच्या भागाचे चित्रच पालटले. परंतु आम्ही हे पीक अडतीवर नेऊन घालतो, घरात शिजवत नाही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर पिकवलेले धान्य पिकवणाऱ्याच्याच ताटात नसावे, याचे मला फार वाईट वाटते.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. कच्चे सोयाबीन जनावराने जास्त खाल्ले तर त्याचे पोट बिघडते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. कोंबड्यांच्या खाद्यातसुद्धा कच्चे दाणे भरडून घालत नाहीत, उष्णतेची प्रक्रिया झालेली पेंडच घालतात. असे असताना शहरातली मंडळी किराणा दुकानातून कच्चे सोयाबीन आणून थेट गव्हात मिसळतात आणि गिरणीत दळून आणतात. रानजाईताई, तुमच्या सासूबाई ते दाणे आधी उकडून किंवा भाजून घेतात का? धागा थायरॉईडचा असला तरी हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

रानजाई :
नाही, दादा. निवडून, उन्हात तापवून तसेच गव्हात मिसळतो. आमच्या ओळखीतल्या बहुतेक घरांत असेच करतात.

शुश्रूषा :
सातबारा यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन अवरोधक नावाची प्रथिने असतात. आपल्या स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे पचन करते, आणि हे अवरोधक त्यालाच जखडून ठेवतात. ज्या प्रथिनांसाठी आपण सोयाबीन खातो, त्यांचेच पचन त्यामुळे अपुरे राहते. कच्च्या सोयाबीनवर ठेवलेल्या प्राण्यांची वाढ खुंटल्याचे आणि त्यांचे स्वादुपिंड सुजल्यासारखे मोठे झाल्याचे प्रयोगांत वारंवार आढळले आहे.

उष्णतेने, विशेषतः ओल्या उष्णतेने, हे अवरोधक बऱ्याच अंशी निकामी होतात. उन्हात तापवून ते जात नाहीत. पोळी तव्यावर एक-दोन मिनिटेच असते आणि पिठातले पाणीही थोडे असते, त्यामुळे तेवढ्या भाजण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दळण्यापूर्वी दाणे भिजवून वीस-पंचवीस मिनिटे उकळावेत, खडखडीत वाळवावेत आणि मगच गव्हात मिसळावेत. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ आणि एनआरसी १४२ असे वाण विकसित केले आहेत, ज्यांत या अवरोधकांपैकी प्रमुख असलेला कुनिट्झ ट्रिप्सिन अवरोधक नसतो. हे वाण सर्वत्र मिळू लागेपर्यंत उकळण्याला पर्याय नाही.

वड्यांच्या बाबतीत ही काळजी करू नये. तेल काढून उरलेले पीठ यंत्रात दाब आणि उष्णता देऊन फुलवले जाते, तेव्हाच त्या शिजलेल्या असतात.

दूरदेशी :
मी कामानिमित्त योकोहामाला राहतो. इथे तोफू (सोयाबीनचे पनीर), मिसो आणि नात्तो हे आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ आणि सोयाबीनचे दूध यांतले काही ना काही जवळजवळ रोज पानात असते, आणि लोक दीर्घायुषी आहेत. तरीही जपानच्या अन्नसुरक्षा आयोगाने २००६ मध्ये आयसोफ्लेव्होनची रोजची एकूण सुरक्षित मर्यादा ७० ते ७५ मिलिग्रॅम अशी सुचवली, आणि नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त गोळ्या किंवा पूरक पदार्थांतून ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये असे सांगितले. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी अशा गोळ्या घेऊ नयेत, असेही त्यांचे मत आहे. पिढ्यान्‌पिढ्या सोयाबीन खाणाऱ्या देशाला अन्न आणि अर्क यांत फरक करावासा वाटला, हे मला लक्षात घेण्यासारखे वाटते.

आणखी एक सूचना करतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांना इथले डॉक्टर नात्तो खाऊ देत नाहीत, कारण आंबवताना त्यात के जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात तयार होते आणि औषधाचा परिणाम कमी होतो. भारतातून इथे येणाऱ्या ज्येष्ठांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

अडकित्ता :
जपानचा दाखला आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथले लोक बालपणापासून सोयाबीन खातात, समुद्री शेवाळामुळे त्यांना आयोडीन भरपूर मिळते, आणि त्यांचे पदार्थ आंबवलेले असतात. आपण खातो ती वडी कारखान्यात हेक्सेन या द्रावकाने तेल ओढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्याची असते. ज्या वस्तूची निर्मिती पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रावकावाचून होत नाही, ती मुलांना पौष्टिक म्हणून खाऊ घालण्यापूर्वी आपण दहा वेळा विचार करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूरदेशी :
शेवाळाचा मुद्दा मान्य आहे. परंतु तोफू आणि सोयाबीनचे दूध आंबवलेले नसते, आणि इथल्या आहारात त्यांचा वाटा मोठा आहे. सोयाबीन भारताला परके आहे, ही समजूतही पुरती खरी नाही. कुमाऊंमध्ये काळ्या सोयाबीनला भट म्हणतात आणि त्याची चुडकानी पूर्वापार होते. नागालँडची अखुनी, मणिपूरची हवाईजार आणि सिक्कीमची किनेमा हे सगळे आंबवलेल्या सोयाबीनचेच पदार्थ आहेत. नवे आहे ते आपल्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात.

शुश्रूषा :
हेक्सेनविषयी इतकेच सांगते की, ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते आणि पेंडीतून वाफेच्या साहाय्याने काढून टाकले जाते. उरतो तो अंश अत्यल्प असतो. ज्यांना तोही नको असेल त्यांनी वडीऐवजी घरी उकडलेले दाणे किंवा तोफू खावा. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने आणि आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतात, त्यामुळे रानजाईंच्या फोडणीच्या तेलाचा थायरॉईडशी संबंध जोडण्याचे कारण नाही.

पैलवान_पुणे :
मी व्यायामशाळेत जातो आणि कोरड्या सोयावड्या रोज मोजून खातो, कारण शंभर ग्रॅममध्ये पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने इतक्या कमी पैशांत दुसऱ्या कशातूनही मिळत नाहीत. माझे मित्र मात्र म्हणतात की, यामुळे टेस्टोस्टेरॉन घटते. खरे आहे का?

अडकित्ता :
अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थांना सोयाबीनच्या दुधामुळे स्तनवृद्धी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. ही अफवा नव्हे.

शुश्रूषा :
नोंद खरी आहे. ती २००८ मधील आहे. परंतु ते गृहस्थ रोज जवळपास तीन लिटर सोयाबीनचे दूध पीत होते, आणि ते थांबवल्यावर त्रास ओसरला. पुरुषांवरील अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये झाले. सोयाबीन किंवा आयसोफ्लेव्होन घेतल्याने टेस्टोस्टेरॉनच्या पातळीत फरक पडल्याचे त्या दोन्हींत दिसले नाही, आणि २०२१ च्या विश्लेषणात इस्ट्रोजेनच्या पातळीतही दिसले नाही. पैलवानदादा, मूठ-दोन मुठी वड्यांनी तुमचे काही बिघडणार नाही, मात्र सगळी प्रथिने एकाच पदार्थातून घेऊ नका. डाळी, दूध आणि शेंगदाणेही ताटात असू द्या. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी विशेष जपावे, कारण सोयाबीनच्या अनेक पदार्थांत ऑक्झलेट बरेच असते.

हिरवाचुडा :
आणि व्यायामशाळेत शेजारी उभ्या राहणाऱ्यांचाही विचार करावा, कारण वड्यांनी पोटात धरलेला वारा वजन उचलताना दबा धरून बसत नाही.

पैलवान_पुणे :
हिरवाचुडा, तक्रार दोन ठिकाणांहून आधीच आलेली आहे! वड्या उकळून, पिळून, ते पाणी टाकून दिल्यावर हा त्रास बराच कमी होतो, हे मात्र खरे.

मनवा :
मी या संकेतस्थळावर फारशी लिहीत नाही, पण कर्करोगाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. माझी स्तनांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि गाठ इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारची होती. त्या काळात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने मला काही ना काही खायचे सोडायला सांगितले. सोयाबीन त्या यादीत सर्वांत वर होते. उपचारांमुळे तोंडाची चव गेलेली असताना मऊ तोफूची भुर्जी हा मला सहज गिळता येणारा एकमेव पदार्थ होता, आणि तोही लोकांच्या भीतीपायी माझ्या ताटातून गेला. पुढे माझ्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी जेवणातले सोयाबीन चालेल, गोळ्या आणि अर्क घेऊ नका, असे स्पष्ट सांगितले. शुश्रूषा यांनी यामागचे कारण सांगितले तर माझ्यासारख्या इतरांना उपयोग होईल.

शुश्रूषा :
मनवाताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले. आयसोफ्लेव्होनची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते, त्यामुळे भीती वाटणे स्वाभाविक होते. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये मानवी कर्करोगाच्या पेशी रुजवून त्यांना जेनिस्टीन दिले असता गाठी वाढल्याचे आढळले आणि त्यातून हा इशारा जगभर पसरला. परंतु उंदराचे शरीर या द्रव्यांचे पचन आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने करते, आणि आयसोफ्लेव्होन शरीरातल्या सर्व इस्ट्रोजेन-ग्राहकांना (पेशींतील ज्या रेणूंना इस्ट्रोजेन चिकटते त्यांना) सारखेच चिकटत नाहीत.

माणसांवरचा पुरावा शांघायमधून आला. स्तनांच्या कर्करोगातून वाचलेल्या ५,०४२ स्त्रियांची पाहणी तिथे झाली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रियांच्या जेवणात सोयाबीन अधिक होते, त्यांच्यात आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी आढळले; गाठ इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी असो वा नसो. ही निरीक्षणात्मक पाहणी आहे, त्यामुळे सोयाबीनने कर्करोग बरा होतो असे कोणी म्हणू नये. मात्र जेवणातल्या सोयाबीनने धोका वाढतो, या म्हणण्याला तिने आधार उरू दिला नाही. एकवटलेल्या गोळ्यांबद्दल या रुग्णांमध्ये अशी खात्री देता येत नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्यच आहे.

अडकित्ता :
मनवाताई, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो. कर्करोगाबाबतचा हा खुलासा मला पटला. कारखान्यातल्या प्रक्रियेबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

गोदाकाठ :
अजून कोणी ॲलर्जीबद्दल लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझ्या भाचीला सोयाबीनची ॲलर्जी आहे. थोडेसेही पोटात गेले की अंगावर गांधी उठतात आणि ओठ सुजतात. तिच्यासाठी हा एखाद्या ग्रंथीचा किंवा संप्रेरकाचा प्रश्न नसून तातडीने दवाखाना गाठण्याचा प्रश्न असतो. बिस्किटे, पाव, तयार पिठे आणि चॉकलेट यांत सोयाबीनचे पीठ किंवा लेसिथिन सर्रास असते. आपल्याकडच्या नियमांनुसार वेष्टनावर तसा उल्लेख करावा लागतो, पण हलवायाच्या किंवा चक्कीवाल्याच्या पिठावर कोणतेही वेष्टन नसते. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे सोयाबीन मिसळलेले दळण झाले असेल, तर आपल्या पिठात ते येतेच. आम्ही त्यासाठी घरगुती घंटी घेतली.

सातबारा यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एकाच दिवशी दम्याच्या रुग्णांची रीघ लागत असे. शोध घेतल्यावर कळले की, बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जाई तेव्हा कोठारातून उडणारी धूळ शहरावर पसरत असे. त्या कोठाराला गाळणी बसवल्यावर या साथी थांबल्या. सोयाबीन न खाताही त्याची बाधा होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

सातबारा :
ही माहिती मला नवीन आहे आणि ती वाचून मन अस्वस्थ झाले. मळणीच्या हंगामात आमच्याकडे यंत्रापुढे दिवसभर उभे राहणारे मजूर आणि आडतीवरचे हमाल त्याच धुळीत श्वास घेतात. रात्री खोकला लागला तर हवा बदलली असे म्हणून सोडून देतात. यंदा मळणीला येणाऱ्या प्रत्येकासाठी मी तोंडाला बांधायच्या चांगल्या पट्ट्या आणून ठेवणार आहे. सोयाबीनच्या धोक्यांची चर्चा खाणाऱ्यांपुरतीच होते, त्यात हा माणूसही धरला पाहिजे.

कुंदकळी :
माझा छोटा प्रश्न आहे. बाळाला गाईचे दूध पचत नसेल तर बाजारातले सोयाबीनचे दूध देता येईल का? बाळ आठ महिन्यांचे आहे.

शुश्रूषा :
बाजारातले साधे सोयाबीनचे दूध एक वर्षाखालील बाळाला दुधाचा पर्याय म्हणून देऊ नये, त्यात बाळाला लागणारे सर्व घटक नसतात. शिशूंसाठी बनवलेला सोयाबीनचा फॉर्म्युला ही वेगळी वस्तू आहे. गॅलॅक्टोसेमियासारख्या (दुधातल्या साखरेतील गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) मोजक्या आजारांत तो उपयोगी ठरतो, पण तोही बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावरच द्यावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो देत नाहीत. स्तनपान सुरू असेल तर ते कृपया थांबवू नका.

रानजाई :
डॉक्टरांना भेटून आले. त्यांनी सोयाबीन बंद करायला सांगितले नाही. थायरॉईडची गोळी पहाटे उठल्याबरोबर, लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, आणि रोजच्या पोळ्यांचे प्रमाण सारखे, असे वेळापत्रक त्यांनी आखून दिले. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचे आहे. तोवर डोस तोच राहील. सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. डब्यातले कच्च्या सोयाबीनचे पीठ मात्र आम्ही पोळ्यांना न वापरण्याचे ठरवले आहे. आता उकळून वाळवायचे म्हटले तर पावसाचे दिवस आहेत. दाणे नीट वाळले नाहीत तर पिठाला बुरशी लागेल, अशी त्यांना चिंता वाटते. काही उपाय आहे का?

सातबारा :
चिंता रास्त आहे, ताई. ओलसर दाणे दळणात अजिबात घालू नका. जाते चिकटते आणि पीठ चार दिवसांत कुबट होते. पावसाळ्यापुरते असे करा. दाणे रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदलून वीस-पंचवीस मिनिटे उकळा, निथळून पंख्याखाली सुती कापडावर एक दिवस पसरा आणि नंतर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. दाणा दाताखाली कडकन फुटला की तो वाळला असे समजावे. एका वेळी किलोभरापेक्षा जास्त करू नका आणि पीठही पंधरवड्यापुरतेच दळून आणा, कारण सोयाबीनमध्ये तेल असल्यामुळे पीठ लवकर खवट होते. तेही जमत नसेल तर दिवाळीपर्यंत दळणात हरभरा डाळ घाला. तोवर आमचे नवे सोयाबीन निघालेले असेल आणि ऊनही चांगले पडेल.